माया

गुदैबियाच्या गल्लीत माझं दुकान.
आत दोन मशिनी, एक आरसा,
भिंतीवर जुफेरच्या तळावरच्या पोरांचे गणवेश,
रांगेत, मान नसलेले.
एकवीस वर्षं मी त्यांच्या छातीवर नावं शिवतो.
घाई असेल तर तीनशे फिल्स जादा.
कुणाची बढती झाली ते त्याच्या आईआधी मला कळतं,
कुणाची उतरली तेही :
पट्टी उसवली की खालचं कापड गडद निघतं.

सुहेल माझ्या बहिणीचा. जन्म तिकडचा, न्यू जर्सीतला.
आमची बाणकोटी बोली कळते त्याला, बोलत नाही.
बोटीवरून इथे उतरला तेव्हा मीच
हमदुले ही अक्षरं उजव्या खिशावर बसवली.
आता कोठारातल्या चौदा दुर्बिणी, अंधारात बघायच्या,
कागदावर आहेत, फळीवर नाहीत,
आणि कागदाखाली सही त्याची.

सरकार वकील देतं. फुकट.
बाई चांगली आहे, तरुण, फाईल तोंडपाठ.
तिची बाही मीच आखूड केली होती गेल्या ईदला.
सुहेल म्हणाला, मामू, ती प्रामाणिक आहे.
असेल, म्हटलं.
पण बदलीचा कागद तिलाही त्याच दारातून येतो.
मला बिनवर्दीचा माणूस हवा.

बिनवर्दीच्या माणसाचा दर डॉलरमध्ये असतो.
नंबर नसताना भिशी उचलली, दोघांचे पाय धरून.
जुलेखाने पाटल्या ठेवल्या शिलाईच्या डब्यात,
बॉबिनांच्या खाली, न बोलता.
तरी उरले ते मागितले शेजारच्या मल्याळी धोब्याकडे,
ज्याच्याशी सहा वर्षं माझं बोलणं नव्हतं.
त्याने मोजूनही घेतले नाहीत, दिले.

तो आला. प्रेंडरगास्ट.
(हे नाव शिवायचं म्हटलं तर पट्टी पुरायची नाही.)
फिकट कोट, कोपराला चकाकी,
दुसरं बटण एका धाग्यावर.
मीही वर्दीत होतो, म्हणाला, अकरा वर्षं.
माझं तोंड पाहून हसला :
त्याचेच तर पैसे देताय.

चहा घेतला नाही. आधी हे बोलला :
पोराला काही विचारू नका.
केलं का, नाही केलं, सोबत कोण होतं, काही नाही.
मला सांगेल ते माझ्यात राहतं.
तुम्हाला सांगेल ते उद्या तुमच्याच तोंडून काढतील,
शपथेवर.
मामा असणं हे कायद्यात काही नसतं.

मी बटण लावून दिलं त्याला.

सुहेल गुरुवारी आला, तारखेचा पांढरा पोशाख घेऊन.
आठ किलो उतरलाय. कमरेत दीड इंच.
मी टाचण्या ओठांत धरल्या,
दोघांच्याही सोयीचं.
बाहेर एसीचं पाणी डब्यात पडत होतं.
आरशातून तो बघत होता माझ्याकडे,
मामू, त्या रात्री
आणि मी टाचण्यांच्या फटीतून म्हणालो,
हात वर.

आमच्यात शिवणीत थोडं कापड सोडतात,
पोर वाढेल, अंग धरेल म्हणून.
त्याला माया म्हणतात.
तळावरचा शिंपी ती कापून टाकतो,
नियमाच्या कपड्यात ती जाड लागते.
मी दीड इंच आत घेतलं, कापलं नाही.
दुमडून, इस्त्रीने दाबून
आतच ठेवलं.

बाकी खरं काय ते
उसन्या पैशांच्या त्या माणसाला माहीत.
सोमवारी फोन करतो म्हणालाय.
दुकान मी दहाला उघडतो.
सोमवारी आठला.